भेगेला भेग

झाडाचं पान हलत नव्हतं, आणि विहिरीतलं पाणी मात्र या काठावरून त्या काठावर आदळत होतं.

ठकूबाई जागच्या जागी थिजली. पायऱ्यांच्या तोंडाशी तिच्या सुनेच्या चपला होत्या. नुसत्या चपलांनी ती घाबरली नसती. पाण्यात आसरा देवींचा वास, म्हणून लोणी गावात कुणीच पायात घालून विहिरीत उतरत नाही. पण हंडाही वरच होता, आणि उज्ज्वला कुठंच दिसत नव्हती. ठकूबाईच्या पायाखालची फरशी डुगडुगली. तिला वाटलं, आपल्यालाच घेरी आली.

तिच्या हाकेसरशी शेजारी कांद्याला पाणी देणारा भिका धावला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यानं उडी घेतली.

सकाळी दूध उतू गेलं, एवढंच निमित्त होतं. दुधावरून गोष्ट सुनेच्या माहेरावर गेली, माहेरावरून लग्नातल्या मानपानावर, आणि तिथून वर्षभर ज्याचं कुणी नाव काढलं नव्हतं त्यावर. दिवस भरण्याआधीच गेलेल्या लेकरावर. "तुला तर पोटातलं बी राखता आलं न्हाई," असं ठकूबाई बोलून गेली होती. आता ती जीभ तोडून टाकावी असं तिला होत होतं.

भिका तीनदा तळाशी जाऊन आला. रिकाम्या हातांनी.

एवढ्यात शाळेकडून चांगदेव गुरुजी पळत आले. झेंडावंदन चालू असताना काठी आपोआप डोलायला लागली, पोरांना पटांगणातच बसवून ते गावाला सावध करत सुटले होते. भूकंप होता, त्यांनी सांगितलं. कुठंतरी लांब मोठा झाला असणार, म्हणून इथलं पाणी असं हिंदकळलं.

"अवो, मंग माझी सून कुटंय?" ठकूबाईनं विचारलं.

पलीकडच्या ज्वारीतून उज्ज्वला बाहेर आली. अनवाणी. ठकूबाई मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. भिका निथळत कठड्याला टेकला, आणि या फुकटच्या अंघोळीबद्दल पाहुणचार लागतो म्हणाला. कुणी हसलं नाही.

गुरुजींना भूगोल शिकवायची सवय. समजावल्याशिवाय त्यांना राहवेना.

"जमिनीच्या पोटात एकच भेग नसते, बाई. जाळं असतं भेगांचं. एक सरकली की शेजारचीला हिसका बसतो. ती वर्षानुवर्षं तटून बसलेली असते, ती सुटते. मग तिसरी. पहिलीवरच थांबलं तर नुसती भांडी वाजतात. पुढं पुढं गेलं, की गावंच्या गावं कोसळतात."

बाकीच्या वस्त्यांना सांगायला ते गेले, भिकाही मोटार बंद करायला गेला. ठकूबाई तशीच बसून होती. उठताना तिनं हंडा उचलला. आतून कोरडा ठणठणीत. मग तिचं लक्ष सुनेच्या लुगड्याकडे गेलं. गुडघ्यापर्यंत ओलं होतं.

"उज्ज्वला," ती हळूच म्हणाली, "पानी भराया आली व्हतीस ना गं?"

सुनेनं लुगड्याचा ओला काठ मुठीत धरला.

"न्हाई, आत्या. श्येवटच्या पायरीवर व्हते मी. डोळं मिटलं, आन् पानीच उठून अंगावर आलं. लई भ्याले. वर पळाले, जवारीत लपले."

 ठकूबाई पायऱ्यांपाशी गेली, चपला उचलल्या, पदरानं पुसल्या आणि वाकून सुनेच्या पायांपुढं ठेवल्या. सासूनं असं केलेलं पाहून उज्ज्वलानं पाय मागं घेतले.

विहिरीतलं पाणी आता पुरतं शांत झालं होतं. ठकूबाईनं चपला आणखी पुढं सरकवल्या.

"घाल, बाय," ती म्हणाली. "भुई अजून हालतीया."