ठसका

दुपारी ताकाचा पेला ओठांना लावण्याआधी हर्षदाताईंनी गळ्यावरची पट्टी सोलून काढली आणि टेबलावर ठेवून दिली.

आजार त्यांना कसलाच नव्हता. पण वय झालं की घास घशाशी येऊन ठेपतो आणि घसा मात्र पळभर उशिरा जागा होतो. तेवढा उशीर ही पट्टी भरून काढायची. घोट आला रे आला की घशाला हलकेच डिवचायची, काही चुकलं तर गोड आवाजात सांगायचीही. पट्ट्या आल्यापासून अख्ख्या सोसायटीत कुणा म्हाताऱ्या माणसाला ठसका म्हणून लागला नव्हता.

"किती बरं झालं ना, आई?" टोरांटोहून ईशा म्हणायची. फोन करायची तेव्हा.

बरं तर होतंच. पण नवरा, मिलिंद, असताना ठसका लागला की तो त्यांच्या डोक्यावर थापटत म्हणायचा, "वर बघ, वर! कुणीतरी आठवण काढतंय तुझी." मग दोघं एकेक नाव घ्यायची. ज्या नावाला ठसका थांबेल, आठवण त्या माणसाने काढलेली.

आज हर्षदाताईंनी मुद्दाम मोठा घोट घेतला. ताक भलत्याच वाटेने गेलं, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी हौसेने स्वतःच्याच डोक्यावर थापटलं.

"ईशा," त्या खोकत म्हणाल्या. ठसका थांबेना. त्यांनी भावाचं नाव घेतलं, कॉलेजातल्या मैत्रिणीचं घेतलं, शेवटी सोसायटी सोडून गेलेल्या शेजारणीचंही घेतलं. नावं संपली.

तेवढ्यात टेबलावरून पट्टीचा गोड आवाज आला, "आठवण! हर्षदाताई, पट्टी लावायची राहिली आहे."

ठसका थांबला.