घरचा कापूस
सौंसरच्या मारुतीच्या देवळात जयश्रीबाईंनी म्हाताऱ्या बायांसाठी दुपारची वातींची बैठक सुरू केली, तेव्हा घरोघर जाऊन सांगितलं होतं, "आईंना पाठवा, सोबत घरचा थोडा कापूस द्या. बाकीची काळजी आमच्यावर सोडा." पंचफुलाबाईंना त्यांचा मुलगा रवींद्र आज पहिल्यांदाच आणून सोडून गेला. जवळ भलंमोठं गाठोडं. "एवढा कापूस!" म्हणून साऱ्याजणी हसल्या. पंचफुलाबाईंनी मात्र गाठोडं मांडीशी ओढून घेतलं आणि शेजारणीच्या ढिगातला कापूस घेऊन वाती वळायला लागल्या. चहा आला तरी त्यांचा हात थांबला नाही. त्यांच्या वाती सगळ्यांना दाखवून जयश्रीबाईंनी कौतुक केलं. दिवेलागणीला बाकीच्या घरी गेल्या, पण रवींद्र आला नाही. जयश्रीबाईंनी पुजाऱ्याला त्याच्या घरी धाडलं. तो धापा टाकत परतला. "बाई, खोली खाली केली त्याईनं. दुपारच्या छोट्या रेलगाडीनं सारे नागपूरले गेले." जयश्रीबाईंनी गाठोड्याची गाठ सोडली. आत दोन लुगडी, वाकळ आणि पितळी गिलास होता. "आजी, तुम्हाला ठाऊक होतं?" पंचफुलाबाईंनी वर पाहिलं नाही. अंधारातही त्यांची बोटं वाती वळतच होती. "बाई, उद्यासाठी कापूस ठेवजा जी," त्या म्हणाल्या. "वाती कमी नाई पडू देनार मी. कामाच्या मानसाले कोनी हाकलत नाई न?"