पाचवी खोली

"रुझा, धावत ये! आधी ये!"

व्लादो भिंतीला नाक लावून उभा होता. कुदळीच्या घावाने बोटभर चीर पडली होती आणि तिच्या आत लाल, हिरवे, निळे ठिपके लुकलुकत होते. ओपल! आयुष्यभर हुलकावणी देणारा मौल्यवान दगड अखेर घरातच सापडला होता.

गावाच्या हद्दीत खाण खणायला बंदी. पण उन्हाच्या तडाख्यामुळे ड्राय नॉलमधली सगळी घरं जमिनीखाली, आणि ओपल शोधायला म्हणून स्वतःच्याच घराला खोली वाढवली तर कोण अडवणार? त्यामुळे गावात माणसं मोजकी आणि खोल्या उदंड. व्लादोची ही पाचवी. पाहुणा मात्र एकही नाही.

बायको पिठाच्या हातांनीच आली. ही शेवटची खोली, असं तिने बजावलं होतं. काही निघालं तर राहायचं, नाहीतर घर विकून लेकीकडे अ‍ॅडलेडला. नुसत्या विचाराने व्लादोचं काळीज तुटायचं. तिचंही तुटायचं, पण ती बोलायची नाही.

"बघ, बघ! आता कुठे जातोय आपण?"

"अहो, हळू मारा, फुटेल ना!" रुझाही नाचायला लागली होती.

त्याला कुठला धीर! त्याने दणकून घाव घातला. भिंतच ढासळली.

धूळ बसली. पलीकडे शेजारच्या फोतिनीचं स्वयंपाकघर होतं. कोपऱ्यात नाताळचं झाड, त्यावर लाल, हिरवे, निळे दिवे. व्लादो-रुझासारख्या सर्बियन मंडळींचा नाताळ जानेवारीत. आज फोतिनीसारख्या ग्रीकांचा सण आहे, हे व्लादोच्या गावीही नव्हतं. नवरा गेल्यापासून फोतिनी एकटीच राहायची. तरी टेबलावर भाजलेलं कोकरू होतं आणि तीन ताटं मांडलेली होती.

"या," ती म्हणाली. "मला वाटलं, कालच पोचाल."

व्लादोचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे कुदळ ऐकू येत होती तुला? मग ओरडायचंस की! मी थांबलो असतो."

"म्हणूनच नाही ओरडले," फोतिनी म्हणाली. "तेवढाच आवाज होता माझ्या घरात."

मग रुझाने हात एप्रनला पुसले आणि भगदाडातून पाय पलीकडे टाकला.

"घर विकायचं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "इथे दार बसवा."