उत्तरेकडचा उतार

बुर्गीनं फावडं काढलं आणि उताराच्या कडेला बर्फ खणायला घेतला.

"आता काय विहीर पाडतेस इथे?" गेर्नोट म्हणाला. खाली गावात तो तिला 'बाई' म्हणत होता. पण दोन हजार मीटरच्या वर गेलं की तिरोलच्या डोंगरांत सगळेच अरे-तुरेवर येतात. ग्राट्स शहरातला हा दातांचा डॉक्टर या वाटाडीबरोबर सकाळीच स्की लावून डोंगराच्या धारेनं वर चढला होता. आता हा उत्तरेकडचा उतार घसरत उतरायचा, की जेवायच्या वेळेला गावात. गावावर मात्र दाट धुकं पसरलं होतं.

बुर्गीनं बर्फाचा खांब कापला. त्यावर फावड्याचं पातं ठेवून आधी मनगटातून थापा मारल्या, मग कोपरातून. कोपरातून मारल्याबरोबर वरचा थर पाटासारखा अलगद पुढे सरकला. खालचा बर्फ तिनं मुठीत दाबला. गोळा होईना, साखरेसारखा सांडला.

"वर फरशी, खाली साखर. भार पडला की फरशी सुटणार. या उतारावर आज पाय ठेवायचा नाही."

"मला सांगितलं होतं हं गावात, की बुर्गीला नेशील तर असंच होईल."

कुणी सांगितलं असेल, हे तिला विचारावं लागलं नाही. तिचा नवरा कोर्बिनियानही वाटाड्याच. गेल्या हिवाळ्यात तिनं याच उतारावरून काही मंडळी माघारी आणली होती. दुसऱ्या दिवशी कोर्बिनियान त्याच मंडळींना हसत-खिदळत इथूनच खाली घेऊन गेला. तेव्हापासून खानावळीत ती दिसली की कुणीतरी म्हणायचं, "सांभाळून, बुर्गीला बर्फ चावतो!" सगळ्यांत मोठ्यानं कोर्बिनियान हसायचा. घरात दोघांचं बोलणं आता कामापुरतंच उरलं होतं.

"मागच्या खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात उतरू," ती म्हणाली. "लांब पडेल."

"आणि जेवण?"

"उपाशी राहिलास म्हणून मरणार नाहीस."

खिंडीतून तिनं घरी फोन लावून पाहिला. लागला नाही. पलीकडे उतरेपर्यंत जेवणाची वेळ कधीच टळून गेली. गेर्नोट मागून कुरकुरत येत होता.

अर्ध्या उतरणीवर आले, तोच मागून गडगडाट झाला. दोघांनी वळून पाहिलं. धारेच्या वर बर्फाचा पांढरा लोट उसळला होता.

गेर्नोटनं स्कीची काठी तिकडे रोखली. "तोच का गं?"

"तोच."

"आपण त्यात असतो."

"असतो ना! मग? चावतो की नाही बर्फ?" बुर्गी मोठमोठ्यानं हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. वर्षभर घशात अडकलेला घास आज खाली उतरला होता. हा आवाज गावापर्यंत जायला हवा होता, कोर्बिनियानच्या कानात जायला हवा होता, असं तिला फार वाटलं.

गेर्नोटनं तिचे दोन्ही हात धरले. "मला माफ कर. खानावळीत तुझ्या नवऱ्यासमोर मी स्वतः सांगेन सगळं."

"सांगच," ती म्हणाली. "शब्दन् शब्द सांग."

त्या खोऱ्यातल्या पहिल्याच घराशी फोन लागला. उचलला सासूनं.

"आई, मी बुर्गी. आम्ही पलीकडच्या खोऱ्यात उतरलोय, सुखरूप आहोत. त्याला द्या जरा फोन. सांगायचंय काहीतरी." हसू अजून तिच्या आवाजात होतं.

"पलीकडे?" म्हातारी गोंधळली. "अगं, जेवायला आली नाहीस, फोन लागेना, म्हणून तो केव्हाच उत्तरेच्या उतारानं वर गेलाय. म्हणाला, उताराला भिऊन बसली असेल वरच, हाताला धरून खाली आणतो. तुला भेटला नाही का?"