विरोधाची खुर्ची

नव्या देशाची घटना लिहिताना समितीने एक नियम घातला होता. एकाने कलम वाचायचं आणि दुसऱ्याने, ते मनापासून पटलं तरी, त्याला विरोध करायचाच. वाचायचे मसुदाकार, विरोध करायची त्यांची वकील बायको. "घरचं भांडण सरकारी खर्चाने," म्हणून सगळे हसायचे. मग ती वारली. समोरच्या तिच्या खुर्चीवर, तिने घरून आणलेल्या उशीवर, बसायला कोणी धजेना. दुःखातल्या माणसाला विरोध तरी कोण करणार? कलमं भराभर मंजूर होऊ लागली. आज त्यांनी वाचलं, "आणीबाणीत सर्वाधिकार अध्यक्षांकडे राहतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मसुदाकार उशीकडे बघत थांबले. मग उठले, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीत बसले, तिच्यासारखाच चष्मा कपाळावर चढवला. "अहो, पण अध्यक्षच चुकला, तर त्याला सांगणार कोण?" उत्तर द्यायला समोरच्या, त्यांच्या स्वतःच्या खुर्चीत आता कोणीच नव्हतं.