दुसरा गोळा

“मग अण्णा, चार दिवस की आठवडा?” निवेदिका हर्षालीनं विचारलं.

इंदिरानगरातल्या त्या लहानशा वाहिनीवर कार्यक्रम थेट चालू होता. विषय होता, शेजारी देशाची लष्करी ताकद किती. पडद्यावर क्रिकेटच्या धावफलकासारखे आकडे लावले होते. आपले रणगाडे इतके, त्यांचे इतके. आपल्या तोफा इतक्या, त्यांच्या इतक्या. पुण्याहून जोडलेल्या एका तज्ज्ञांनी चार दिवसांत युद्धाचा निकाल लावून टाकला होता आणि आता ते समाधानानं पाणी पीत होते. राहिले होते सायखेड्याचे निवृत्ती अण्णा, सव्वीस वर्षं तोफखान्यात काढलेले सुभेदार.

“चार बी नाय आन् आठवडा बी नाय,” अण्णा म्हणाले. “त्यांच्याकडं चांगल्या तोफा हायेत, ताई. चालवणारे बी शिकलेले हायेत. वरून ड्रोन बघतो, खाली लगेच गणित होतं. हे आधी लिहा तुमच्या पडद्यावर.”

हर्षालीचं हसू आखडलं. अण्णांना बोलावलं होतं ते काही यासाठी नाही. बोलावलं होतं चहाच्या किश्श्यासाठी.

सायखेड्यात दर पंधरा ऑगस्टला अण्णा तो सांगायचे. कोणीतरी मोबाईलवर टिपला आणि तो गावोगाव फिरला. किस्सा असा, की समोरच्यांचा पहिला गोळा आखूड पडायचा, दुसरा लांब. मग त्यांची आकडेमोड चालायची. तिसरा नेमका अंगावर यायला दहा मिनिटं लागायची. तेवढ्यात अण्णा आणि त्यांचे जोडीदार चहा प्यायचे, कप विसळायचे आणि मग निवांत बंकरात शिरायचे. कप विसळायची नक्कल तर अण्णा अशी करायचे, की लोक पोट धरून हसायचे.

गेली तीन वर्षं मात्र त्यांच्या तोंडून तो कोणी ऐकला नव्हता. त्यांचा मुलगा योगेश पायदळात होता. सीमेवरच्या चौकीवर गोळाबारीत गेला. त्या दुःखानं म्हातारा गप्प झाला, असं गावानं आपलं ठरवून टाकलं. आज सुरुवातीलाच हर्षालीनं योगेशचा फोटो दाखवला आणि अण्णांना वीरपिता म्हटलं, तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती. समोर ठेवलेल्या चहाला त्यांनी हातही लावला नव्हता. त्यावर साय धरली होती.

काचेपलीकडून निर्माता सुनील कप तोंडाला लावल्याची खूण करत होता. किस्सा सांगायला लाव, किस्सा.

“सुभेदार,” पुण्याचे तज्ज्ञ मध्येच म्हणाले, “तुम्ही नेमके कोणाच्या बाजूनं बोलताय?”

“ज्यांची पोरं तिथं उभी हायेत, त्यांच्या. शत्रूला कमी लेखून टाळ्या मिळत्यात, साहेब. मोजदाद नाय होत.”

सुनीलनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात निफाडहून एका बाईंचा फोन आला. नाव सविता.

“अण्णा, माझा हिरामण मागच्या महिन्यात बॉर्डरवर गेला. लय भ्यायचा. मी त्याला तुमचा चहाचा व्हिडिओ पाठवला. आता म्हणतो, आई, काळजी करू नको, आपल्याला दहा मिनिटं असतात.” बाई हसल्या. “तेवढं एकदा तुमच्या तोंडून सांगा ना. माझाही जीव थाऱ्यावर येईल.”

“सांगा अण्णा!” हर्षालीनं टाळी वाजवली. तिचा जीव तर आत्ताच थाऱ्यावर आला होता.

अण्णा उभे राहिले. कॉलरचा माईक ओढला गेला, तो त्यांनी हातात धरला.

“बाई, माझं ऐका. आत्ताच्या आत्ता पोराला फोन लावा. सांगा, पहिला गोळा पडला की बंकर. हातातलं टाकून पळायचं. तिसऱ्याची वाट बघायची नाय. आता दुसराच नेमका येतो.”

सुनीलनं दोन्ही हात आडवे फिरवले. जाहिराती लावा, थांबवा यांना.

“ओ सुनीलभाऊ, जाहिराती मागनं लावा,” अण्णा काचेकडे बघून गरजले. “हा कॅमेऱ्यावरचा दिवा लाल हाय तवर मी बोलणार. ज्यांच्या ज्यांच्या मोबाईलात तो व्हिडिओ हाय, त्यांनी आज पुसून टाका. ज्याला पाठवला त्याला बी पुसायला सांगा.”

सुनीलचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. पुढं काय येतंय ते त्यालाही ऐकायचं होतं.

“पण अण्णा,” हर्षाली गोंधळून म्हणाली, “म्हणजे तो किस्सा खोटा होता?”

अण्णांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. पलीकडे सायखेड्यात भिमाबाई टीव्हीसमोर बसली असणार, शेजारणींना घेऊन, नवऱ्याचं कौतुक बघायला. तीन वर्षं एका घरात राहून तिच्याशी जे बोलायची छाती झाली नव्हती, ते आता अख्ख्या जिल्ह्यासमोर बोलायचं होतं. त्यांनी मान वर केली. ती त्यांनी पुन्हा खाली घातली नाही.

“खरा होता. माझ्या काळात खरा होता. शेवटचा सांगितला तो फोनवर, आमच्या योगेशला. त्याच्या जोडीदारानं मला सगळं सांगितलंय. पहिला गोळा आखूड पडला. बाकीचे बंकराकडं पळाले. योगेश चहाचा कप धरून तिथंच बसला, हसला आन् म्हणाला, बसा रे, दहा मिनिटं हायेत, आमच्या अण्णांनी सांगितलंय.”