वरची सही

साहेबांनी जुनं रुजू-रजिस्टर उघडलं आणि दोन सह्यांच्या मधोमध पट्टी धरली. वर बाईंची सही, खाली मास्तरांची. तारीख एकच, तीस वर्षांपूर्वीची.

"चला, मिटलं," साहेब म्हणाले. "हेडक्लार्कची जागा एक आणि तुम्ही दोघं रुजू एकाच दिवशी. अशा वेळी आपल्या कचेरीचा नियम, रजिस्टरात ज्याची सही वर, तो ज्येष्ठ. अभिनंदन, बाई."

बाई कचेरीचं रेकॉर्ड सांभाळायच्या. या एका शब्दासाठी अकरा वर्षं डोळे लावून बसल्या होत्या, आणि आला तो असा! शेजारी मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे आवक-जावकचे कारकून. अख्ख्या कचेरीच्या पत्रांतल्या चुका फुकटात दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव पडलेलं. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. बाईंची अजून चार वर्षं होती. आज हुकलं की मास्तरांचं कायमचं हुकलं, ज्या टेबलावर लागले त्याच टेबलावरून घरी.

"साहेब, त्या दिवशी आधी हे आले होते," बाई म्हणाल्या. "चांगले तासभर आधी. माझी मुलगी तेव्हा चार महिन्यांची. बाहेर आईजवळ रडून रडून लाल झालेली. हेच म्हणाले, ताई, तुम्ही करा आधी सही, मला कसली घाई आहे."

"तसं रजिस्टरात लिहिलंय?"

"असलं काही कुणी लिहितं का, साहेब?"

"मग तसं झालं नाही." साहेब तसे वाईट नव्हते. पण पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवताना मास्तरांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

"मग मला नकोच ती बढती," बाई फणकारल्या. "यांना द्या."

"तसं होत नाही. तुम्ही नाकारलीत की पुन्हा नवी यादी. दोन वर्षं कुठे गेली नाहीत."

मास्तर इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. "वेडेपणा करू नका, ताई," ते म्हणाले. "माझ्यापायी तुम्ही कशाला लटकताय? एकाचं तरी होऊ दे." त्यांनी खिशातलं पेन बाईंपुढे धरलं.

बाईंनी स्वीकृतीच्या कागदावर सही केली. खाली तारखेची जागा होती. तिथे त्यांनी पेन वर उचललं.

"तारीख कुठली घालू, साहेब?" त्यांनी विचारलं. "आजची, की अकरा वर्षांपूर्वीची? तेव्हाच मिळायला हवी होती ना आम्हाला? तुमच्या कचेरीला यादी करायला सवड झाली नाही."

साहेबांनी उगीचच घंटी वाजवली. शिपाई आला, पण त्याला काय सांगावं हे साहेबांना सुचेना. तो आला तसा परत गेला.

"आजचीच घाला, ताई," मास्तर म्हणाले. "तेव्हाची घातलीत तर साहेबांची पंचाईत होईल. तेव्हा हेडक्लार्कच्या जागा दोन होत्या."